साओ बेर्तोल्दोचा वाढदिवस

साओ बेर्तोल्दो हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. नशीबवान आहात. मी गेली नऊ वर्षं ते रोज वाचते. बहारीनमध्ये सलमाबादला एक कोल्ड स्टोरेज आहे, तिथे मी रिसिव्हिंगला क्लार्क आहे. ब्राझीलहून गोठवलेल्या कोंबड्यांचे कंटेनर येतात आणि दार उघडायच्या आधी त्यांचे कागद माझ्या टेबलावर येतात. हलाल सर्टिफिकेटवर गावाचं नाव छापलेलं असतं: साओ बेर्तोल्दो, राज्य पराना. पोर्तुगीज मजकूर, अरबी शिक्का आणि त्या सगळ्याच्या खाली चक्क मराठीत सही, खि. अ. राखांगे. दापोलीच्या झेडपीच्या शाळेत जी सही गिरवली तीच हा गृहस्थ पृथ्वीच्या त्या टोकाला बसून ठोकतो. तिथल्या कारखान्यात कोंबड्या जबह करणारी, म्हणजे अल्लाचं नाव घेऊन हाताने सुरी चालवणारी, अकरा माणसं आहेत, आणि हा त्यांचा सुपरवायझर. खिजर. माझा नवरा.

नवरा आपलं म्हणायचं म्हणून म्हणायचं. दोन वर्षांसाठी जातो म्हणाला, त्याला आता नऊ झाली. गेला तेव्हा आमची नाझिश अकरा वर्षांची होती. पहिल्या वर्षी रोज फोन, दुसऱ्या वर्षी जुम्म्याच्या जुम्म्याला, पुढे नुसता मुलीला, महिन्यातून एकदा, व्हिडिओवर, हसत हसत. माझ्याशी बोलायला त्याला टाइम नसायचा. मग तिथे एक मार्लेने नावाची बाई झाली आणि एक मुलगा झाला. मला कोणी सांगितलं नाही. त्याचा मोठा भाऊ ताहिर इथेच तुबलीला गॅरेज चालवतो, त्याला सगळं ठाऊक होतं, पण तो मेला तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. मी स्वतः शोधून काढलं.

शोधलं कसं, तर गावातूनच. माणूस जिथे बुडाला ते पाणी किती खोल आहे ते तरी बघावं, म्हणून मी त्या नगरपालिकेची वेबसाइट उघडली. पोर्तुगीज आहे, पण मोबाइल त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी करून देतो. दुपारच्या ब्रेकमध्ये डबा खाताना मी ती वाचायचे. मग त्यांचं फेसबुक पान सापडलं, आणि तिथल्या एका फोटोत खिजर, मार्लेने आणि तान्हं बाळ. मग नकाशा. आता मला त्या गावाची परीक्षा घ्या, मी पहिली येईन.

आधी तिथे ग्वारानी लोक राहायचे. वेबसाइटवर त्यांना दोन ओळी दिल्यात, त्यातली एक त्यांच्या मडक्यांवर आहे. मग अर्जेंटिनाच्या कंपन्या नदीतून वर आल्या, जंगलातला एक पाला तोडायला. तो पाला गरम पाण्यात टाकून ते लोक चहासारखा नळीने ओढतात. पाला तोडायला मजूर फसवून आणायचे आणि परत जाऊ द्यायचे नाहीत. त्यानंतर एका कंपनीने सगळं जंगल घेतलं, पट्ट्या पाडल्या आणि दक्षिणेकडच्या जर्मन-इटालियन शेतकऱ्यांच्या मुलांना विकल्या. त्यांनी शंभर शंभर फुटांची झाडं कापून काढली आणि त्या पराक्रमाचा चौकात पुतळा उभा केला, हातात करवत घेतलेला. साठच्या दशकात शेजारच्या मोठ्या गावापासून फुटून स्वतःची वेगळी नगरपालिका केली, तारीख अकरा ऑगस्ट. पुढे एका जुलैत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, दव गोठलं आणि कॉफीची झाडं एका रात्रीत काळी पडली. तेव्हापासून सोयाबीन, मका आणि तो मका खायला कोंबड्या. माणसं एकोणीस हजार, कोंबड्या चाळीस लाख. माती लाल आहे, अगदी आपल्या दापोलीसारखी. मातीचा तो फोटो पहिल्यांदा पाहिला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मातीने माझं काय वाकडं केलं होतं? काही नाही. तरी झाला.

एवढं सगळं मी कुणाला सांगत नव्हते. नाझिशला मात्र ऐकावं लागायचं, कारण घरात दुसरं आहेच कोण. जेवताना मी सुरू झाले की ती म्हणायची, "अम्मी, प्लीज. नॉट अगेन." मी म्हणायचे, "अगो ऐक, तुझा बाप कुठल्या मुलखात पडलाय ते कळू दे." ती कानात इअरफोन घालायची. मार्लेनेबद्दल आणि त्या मुलाबद्दल मात्र मी तिला अवाक्षर बोलले नव्हते. पोरीला वाईट वाटेल म्हणून. निदान तेव्हा मी स्वतःला असंच सांगत होते.

आणि सप्टेंबरात ताहिर आमच्या गुदैबियाच्या खोलीवर आला, सोफ्यावर ऐसपैस बसला आणि म्हणाला, "महमुदा, खिजरने नाझिशचं ठरवलंय."

मुलगा बाणकोटचा. खिजरच्याच अकरांपैकी एक. निकाह करून नाझिशला तिकडे न्यायचं, साओ बेर्तोल्दोला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी विचारलं, "का? बहारीनमध्ये मुलगे संपले? रत्नागिरीत संपले?"

"बापाचा हक्क आहे गो. त्याला वाटतं मुलगी डोळ्यांसमोर असावी."

डोळ्यांसमोर! नऊ वर्षं डोळे काय गहाण होते? मला कारण पक्कं माहीत होतं. त्या गावात आपलं माणूस टिकत नाही. थंडी, भाषा कळत नाही, मशीद दोन तासांवर. वर्षभरात पोरं पळ काढतात आणि खिजरला कारखान्याला अकरा डोकी मोजून दाखवावी लागतात. बाणकोटच्या मुलाने तिथून निघून जायचं ठरवलं होतं. त्याला थांबवायला खुंटा हवा होता, आणि खुंटा म्हणून माझी मुलगी. हे मी ताहिरच्या तोंडावर बोलले. तो म्हणाला, "तुझी जीभच अशी, म्हणून खिजर तिकडे राहिला." मी चहाचा कप त्याच्या हातातून काढून घेतला. अर्धा भरलेला होता.

पण खरा घाव पुढेच होता. मी नाझिशला म्हटलं, नाही सांग, विषय खलास होईल. निकाहला मुलीची कबुली लागते, जबरदस्ती कुणाच्या बापाची चालत नाही. तर ती म्हणाली, "मी नाही नाही म्हणणार. आय वॉन्ट टू गो."

"काय?"

"अब्बा तिथे आहेत. मुलगा ओके आहे, मी बोललेय त्याच्याशी. आणि इथे काय आहे, अम्मी? तू ऑफिसमधून येतेस आणि त्या गावाला शिव्या देतेस. रोज. त्यापेक्षा मी तिथेच जाऊन राहते ना."

वीस वर्षांची पोर. बारावीनंतर एका ट्रॅव्हल ऑफिसात लागली, स्वतःचं कमावते, कुणाचं ऐकते! मी समजावलं, ओरडले, रडलेसुद्धा. ती ढिम्म. बापाबद्दल तिच्या मनात जे होतं ते त्या महिन्याच्या फोनवरचं होतं, दहा मिनिटांचं, हसरं. माझी एकुलती एक मुलगी त्या लाल मातीत जाणार आणि मला तिथल्या फेसबुक पानावर तिचे फोटो शोधावे लागणार, एवढंच मला दिसत होतं. मला तिला अडवायचं होतं. काय वाट्टेल ते करून.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या जुम्म्याला साखरपुडा ठरला. त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, साओ बेर्तोल्दोचा कंटेनर आला.

माझं काम सोपं आहे, पण डोळ्यात तेल घालून करावं लागतं. सर्टिफिकेटवर जबह केल्याच्या तारखा असतात, खोक्यांवर मालाच्या तारखा छापलेल्या असतात, दोन्ही जुळवायच्या. त्या कागदावर तीन तारखा होत्या: नऊ ऑगस्ट, अकरा ऑगस्ट, बारा ऑगस्ट. खाली खि. अ. राखांगे.

मी अकरा ऑगस्टवर बोट ठेवलं आणि थांबले.

अकरा ऑगस्ट म्हणजे त्यांच्या गावाचा वाढदिवस. यंदा सोमवारी आला होता. गावाच्या फेसबुक पानावर त्या दिवसाचे फोटो आले होते आणि मी ते ऑगस्टमध्येच मोबाइलमध्ये उतरवून ठेवले होते, नेहमीच्या खोडीप्रमाणे. फोटो काढून पाहिले. मोठं मैदान, जमिनीवर जाळ, भोवती सळयांना लावलेलं मांस. एका फोटोत त्यांच्या मेयरबरोबर पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं ओळीने उभी. मोजली. अकरा. मधे बारावा खिजर, उघड्या डोक्याने, खांद्यावर चारेक वर्षांचा पोरगा. खाली लिहिलेलं, मोबाइलने भाषांतर करून दिलं: आपले मुस्लिम बांधव सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत उत्सवात.

अकराच्या अकरा जण दिवसभर मैदानात. मग त्या दिवशी सुरी कोणी चालवली?

आमच्याकडे सुजीत म्हणून रेफ्रिजरेशनचा टेक्निशियन आहे, महाडचा, भीमनगरातला. भला माणूस. त्याला म्हटलं, "आत जाऊन एक खोकं काढ रे, अकरा ऑगस्टचं." तो जाकीट चढवून उणे अठरामध्ये गेला आणि खोकं घेऊन आला. शिक्का स्पष्ट होता, अकरा आठ. म्हणजे कारखाना चालू होता. वाढलेल्या कोंबड्या एक दिवस थांबत नाहीत, त्यांचं वजन वाढतं, खाणं वाढतं. यंत्राने कापल्या असतील नाहीतर आणखी कोणी. पण ज्यांनी कापल्याचं लिहिलं होतं त्यांनी कापल्या नव्हत्या. आणि राखांगेसाहेबांनी सही ठोकली होती. इथे असतानाही हा हजेरीबुकात गुरुवारीच शनिवारची सही करून ठेवायचा. सवय गेली नाही मेल्याची.

मी सुजीतला फोटो दाखवला, सगळं सांगितलं. उद्याच्या साखरपुड्याचंसुद्धा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "महमुदाताई, माल होल्डवर टाका, मॅनेजरला मेल करा. हे लोकांच्या खाण्याचं आहे, यात घरचं काही आणू नका. आणि मुलीला आज घरी गेल्या गेल्या सांगा. उद्या चार लोकांत नको."

मी म्हटलं, "तू तुझे कॉम्प्रेसर सांभाळ."

मेल मी चार वाजता पाठवला. कागदाची कॉपी, खोक्याचा फोटो, मैदानाचा फोटो. कंटेनरवर लाल स्टिकर लागलं. त्यात मी काडीची कसूर केली नाही, हे माझ्या बाजूने लिहून ठेवा. कागदाची एक कॉपी घडी करून पर्समध्ये ठेवली.

घरी आले तर नाझिश आरशासमोर उभी होती. मोतिया रंगाचा शरारा, तिने स्वतः सीफच्या मॉलमध्ये जाऊन आणलेला. खाली थोडा लांब होत होता. म्हणाली, "अम्मी, पिना लाव ना." मी खाली बसून पिना लावल्या. तिने विचारलं, "चांगली दिसतेय?" मी म्हटलं, "फार चांगली." खरंच दिसत होती. ती बऱ्याच दिवसांनी माझ्याशी नीट बोलत होती, मुलाचं काहीबाही सांगत होती, तिकडे थंडीत घालायला कोट घ्यावा लागेल म्हणत होती. माझी पर्स दोन हातांवर खुर्चीत पडलेली होती. मी एका शब्दाने काही बोलले नाही. मी मनात उद्याची वाक्यं जुळवत होते.

जुम्म्याची नमाज झाल्यावर ताहिर आला, आणि बाणकोटच्या मुलाचे चुलते फारुखचाचा आले. फारुखचाचा सित्राला रिफायनरीत फोरमन होते, जमातीत त्यांचा शब्द चालतो, माणूस कडक पण सरळ. मी सांदणं केली होती, नारळाचा रस केला होता, कोंबडीची बिर्याणी केली होती. दोन वाजता ताहिरने टीव्हीवर व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे आठ. खिजरचं डोकं एवढं मोठं होऊन माझ्या भिंतीवर आलं. नाझिश दाराशी उभी राहून त्याला हात हलवत होती.

ताहिरने गावाचं कौतुक सुरू केलं. हा ताहिर मस्कतच्या पलीकडे कधी गेलेला नाही. म्हणाला, "एकदम कोकण आहे, फारुखभाई. समोर समुद्र, खारा वारा—"

"समुद्र सहाशे किलोमीटरवर आहे," मी म्हटलं. "मुंबईहून नागपूर जेवढं लांब, त्याच्या थोडं अलीकडे."

"असेल. नदी आहे पण."

"नदीवर खाली धरण झालं, तेव्हा निम्मा काठ पाण्यात गेला."

"मशीद तर शेजारीच—"

"दोन तास. बसने तीन."

ताहिर माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत होता. फारुखचाचांनी विचारलं, "बेटी, तुला एवढं कसं ठाऊक?" मी म्हटलं, "चाचा, माणसं तिकडे, म्हणून चौकशी केली." नाझिशचा चेहरा पडला, तिला वाटलं मी मोडता घालायला बसलेय. मग मी एकदम आवाज मऊ केला. मलाच तो आवाज ओळखू आला नाही.

"मी उगीच बोलतेय," मी खिजरला म्हटलं. "तुम्हीच सांगा ना मुलीला. तिला तिकडे करमेल का? काही सणवार, मजा असते का?"

नऊ वर्षांत मी त्याच्याशी असं बोलले नव्हते. तो फुलला. आपल्या गावाचं कोणी विचारलं की हा फुलतोच, पूर्वी दापोलीचं सांगताना फुलायचा. म्हणाला, "सण? नाझिश बेटा, अकरा ऑगस्ट! गावाचा वाढदिवस! सगळं गाव मैदानात. जमिनीवर जाळ करून अख्खे बैल भाजतात. आमच्यासाठी वेगळा, आदल्या दिवशी आमच्या हाताने जबह केलेला, त्याला दुसरं कोणी हात लावत नाही. मेयर स्वतः येऊन आमच्याशी हात मिळवतो."

"आणि तुमच्या मुलांना सुट्टी मिळते?"

"मिळते म्हणजे! मी मिळवून देतो. अकराच्या अकरा. सकाळी सातला मैदानात, संध्याकाळी घरी."

"यंदासुद्धा?"

"यंदासुद्धा."

"एकही जण कारखान्यात नव्हता?"

"एकही नाही. त्या दिवशी माझा माणूस सुरीला हात लावत नाही. माझा नियम आहे."

फारुखचाचा खूश झाले. "वा," म्हणाले, "माणसांची काळजी घेतोस, हे चांगलं."

मी पर्समधून कागद काढला आणि फारुखचाचांच्या हातात दिला. "चाचा, हे वाचा. दुसरी तारीख. आणि खाली सही कुणाची आहे ती वाचा. मराठीत आहे."

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग टीव्हीकडे पाहिलं. "खिजर, अकरा ऑगस्टला तुझे सगळे मैदानात होते. मग ह्या कोंबड्या कोणी जबह केल्या?"

खिजरचं तोंड उघडं राहिलं. नऊ वर्षं मी ह्या तोंडासाठी थांबले होते, हे कबूल करते. मला आनंद झाला. असा आनंद की कानात गरम झालं.

ताहिर मधे पडला. "एका दिवसाचं काय घेऊन बसलात, काही चूकभूल झाली असेल."

"एक दिवस आपल्याला सापडला," फारुखचाचा म्हणाले. त्यांनी समोरची बिर्याणीची ताटली हळूच बाजूला सारली. "मी माझ्या नातवंडांना हे खायला घालतो, ताहिर. ही सही बघून घालतो."

मी तिथे थांबायला हवं होतं. एवढ्याने काम झालं होतं. पण मला थांबायचंच नव्हतं. मी मोबाइल काढला, मैदानाचा फोटो मोठा केला आणि चाचांना दाखवला. "खात्री हवी असेल तर हे बघा. अकरा टोप्या. मोजा. आणि खांद्यावर आहे तो साहेबांचा मुलगा. मार्लेनेचा. चार वर्षांचा झाला यंदा."

नाझिश दारातून पुढे आली आणि तिने माझ्या हातातून मोबाइल घेतला. बोटांनी फोटो आणखी मोठा केला. मग टीव्हीकडे वळली.

"अब्बा, हा कोण?"

खिजर म्हणाला, "बेटा, मी तुला सांगणारच होतो."

"बडे अब्बा, तुम्हाला माहीत होतं?"

ताहिर टोपी सारखी करत बसला.

खिजरने आता माझ्याकडे तोंड वळवलं. आवाज उतरला होता. "महमुदा, ऐक. तो कागद तिथेच फाड. नाझिशचं राहू दे, तुला नको ना, तर नको. मी शब्द परत घेतो. फारुखभाईंची माफी मागतो. तू फक्त त्या सोमवारचं दाबून टाक."

"काल चार वाजता मेल गेला," मी म्हटलं. "माल होल्डवर आहे. खलास."

मग त्याने जे तोंड सोडलं ते मी इथे लिहीत नाही. अकरा घरांच्या चुली विझवल्यास म्हणाला, हडळ म्हणाला, तुझ्यासारखीला कोण नांदवणार म्हणाला. मीही कमी पडले नाही. तुझी सही तूच केलीस, माझ्या बापाने नाही केली, असं मी टीव्हीच्या तोंडाजवळ जाऊन ओरडले. शेवटी फारुखचाचांनी उठून रिमोटने टीव्ही बंद केला. जाताना ते नाझिशच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटी, आमच्याकडून हा विषय संपला. तुझा काही दोष नाही." माझ्याशी बोलले नाहीत. ताहिर जिन्यातून ओरडत गेला की खानदानाचं नाक कापलं.

दार लावलं. मी वळले. मला वाटलं होतं ती रडेल, मी जवळ घेईन, सगळं ठीक होईल. मी हातसुद्धा पुढे केले होते.

नाझिश रडत नव्हती. तिने विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं? त्या मुलाचं?"

"तो जन्मला तेव्हापासून."

"आणि ह्या कागदाचं?"

"काल सकाळपासून."

"काल सकाळी." ती खाली स्वतःच्या कपड्यांकडे बघत म्हणाली. "म्हणजे काल संध्याकाळी तुला माहीत होतं. आणि तू मला आज असं नटून त्यांच्यासमोर उभं राहू दिलंस."

"अगो, तुझ्यासाठीच केलं सगळं. तुला थांबवायला."

"मला काल सांगितलं असतंस तर मी कालच थांबले असते, अम्मी. एक फोटो दाखवायचा होता फक्त."

"तुला सांगितलं असतं तर तू त्याला फोन केला असतास. तो सावध झाला असता."

तोंडातून निघून गेलं. खरं होतं ते. मी खोटं बोलायची तयारी केलीच नव्हती, कारण मला वाटलं नव्हतं की कोणी मला काही विचारेल.

तिने मान हलवली, समजल्यासारखी. म्हणाली, "राइट. तो सापडायला हवा होता."

मी म्हटलं, "नाझिश, ऐक." ती आत गेली. दहा मिनिटांनी जीन्स घालून बाहेर आली, खांद्यावर बॅग, हातात चार्जर. शरारा पलंगावर पडला होता, पिनांसकट. हिनाकडे जातेय म्हणाली. हिना तिच्या ट्रॅव्हल ऑफिसातली मैत्रीण, तुबलीला दोघी-तिघी मिळून राहतात. मी म्हटलं, जेवून तरी जा. ती म्हणाली, "यातलं?" आणि गेली. दार तिने आपटलं नाही, हळू ओढून घेतलं. आपटलं असतं तर मी भांडले असते.

त्याला आता सतरा दिवस झाले. माल परत गेला, तपास सुरू आहे, खिजरची सही आता कागदांवर येत नाही. नाझिश आता तिकडे जाणार नाही, हे मला ऑफिसात सगळे सांगतात, तुम्ही जिंकलात म्हणतात. सुजीत तेवढा काही म्हणत नाही. नाझिशने मला फोनवर ब्लॉक केलंय, तिच्या ट्रॅव्हल ऑफिसात गेले तर भेटायचं नाही म्हणून बाहेरूनच सांगितलं. परवा मी बसने तुबलीला गेले आणि गॅरेजांच्या रस्त्याला उतरले. तेव्हा लक्षात आलं की मला बिल्डिंगच माहीत नाही. हिनाचं आडनाव माहीत नाही. दोन दुकानांत विचारलं, कोणाला सांगता येईना. इथून गाडीने पंधरा मिनिटं लागतात, आणि माझी मुलगी तिथे कुठल्या खोलीत झोपते, काय खाते, कामाला कधी निघते, यातलं मला काहीएक ठाऊक नाही.